मिनिटभराची विद्या

तालुक्याच्या गावी, प्रशिक्षणाच्या सभागृहात टेबलावर दुपट्यात गुंडाळलेली एक बाहुली ठेवलेली असते. पहिल्यांदा उचलणारी बाई हमखास दचकते. बाहुलीच्या अंगात सुमारे दोन लिटर कोमट पाणी भरलेलं असतं, त्यामुळे ती नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी जड आणि उबदार लागते. आधार दिला नाही तर मान तशीच लुळी मागे पडते. नाळेला बोट लावलं की ठोके लागतात. ठोके, श्वास आणि रडणं या तिन्ही गोष्टी शिकवणाऱ्या ताईंच्या हातातल्या रबरी फुग्यांवर चालतात. त्यांनी फुगा दाबला तर बाहुली रडते, नाही दाबला तर निपचित पडून राहते.

ताईंनी फुगा दाबलेला नाही. समोरच्या सिस्टरनी बाहुली पुसली, ओलं दुपटं काढून कोरड्यात घेतली, पाठीवरून दोन-तीनदा हात चोळला. बाळ रडेना. मग त्या श्वास द्यायच्या रबरी पिशवीकडे, अंबू बॅगकडे वळल्या, मास्क तोंडावर ठेवला, बॅग दाबली. छाती हलली नाही. पुन्हा दाबली. हवा गालाच्या बाजूने फुस्स करून निघून गेली. ‘‘मान बघा, सिस्टर,’’ ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘फुलाचा वास घेताना आपली मान कशी होते?’’ सिस्टरनी बाहुलीची हनुवटी किंचित वर उचलली, मास्क नीट बसवला, आणि या वेळी छाती वर आली. घड्याळात एक मिनिट वीस सेकंद झाले होते. या सिस्टर अठरा वर्षं बाळंतपणं करत आहेत.

मला लिहायचंय ते या ताईंबद्दल. आई आणि बाळ वाचवण्याची कौशल्यं शिकवणारी, त्याच मुलखातली, आणि शिकवून झाल्यावर एसटीत बसून कायमची निघून न जाणारी बाई. आपल्याकडे डॉक्टर किती, खाटा किती, रुग्णवाहिका किती याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण लेबर रूममध्ये रात्री अडीच वाजता जे हात असतात, त्या हातांना कोण शिकवतं आणि शिकवलेलं त्यांत टिकतं का, हे फारसं कोणी विचारत नाही.

पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसांत हवा नसते, द्रव असतो. प्राणवायू नाळेतून येतो. जन्मल्याबरोबर पहिल्या काही श्वासांच्या जोरावर तो द्रव हटवून हवेला जागा करायची असते, आणि बहुतेक बाळं ते आपणहून करतात. शंभरातल्या साधारण दहांना थोडी मदत लागते. त्यातल्या बऱ्याच जणांना कोरडं पुसून पाठ चोळली की पुरतं. तीन ते सहा बाळांना बॅग-मास्कने श्वास द्यावा लागतो. औषधं किंवा छाती दाबणं यांची गरज शंभरात एकालाही पडत नाही. म्हणजे वाचवण्यासारखं जवळजवळ सगळं दोन हात, कोरडं फडकं आणि एक रबरी पिशवी यांच्या आवाक्यात आहे. अट एकच, हे पहिल्या मिनिटात सुरू व्हायला हवं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० साली ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम काढला तेव्हा या साठ सेकंदांना ‘सोनेरी मिनिट’ असं नाव दिलं. वर सांगितलेली बाहुली या अभ्यासक्रमाबरोबर जगभर पोहोचली.

या अभ्यासक्रमाची सुरुवातीची एक मोठी परीक्षा आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यात झाली. बाळंतपण करणाऱ्या ५९९ जणांना शिकवलं गेलं, आणि मृत जन्मांचं प्रमाण शंभरी ३ वरून २.३ वर आलं. मृत जन्म कमी झाले याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून बाजूला ठेवलेली काही बाळं मेलेली नव्हतीच. त्यांचं हृदय मंद चालू होतं, फक्त श्वास सुरू झालेला नव्हता, आणि जवळ असलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. हे वाचल्यावर मला आपल्या आज्या-पणज्यांची आठवण येते. ‘तीन गेली, पाच राहिली’ असा हिशेब त्या शांतपणे सांगत. त्या तिघांतल्या एखाद्याची कोणी पाठ चोळली असती तर, हा विचार मग सहज डोक्यातून जात नाही.

तर मग सगळ्यांना एकदा शिकवून टाकलं की झालं, असं वाटेल. उत्तर टांझानियात हायडोम नावाच्या खेड्यात मिळालं.

तिथल्या ल्युथरन मिशनच्या रुग्णालयात २०१० साली सगळ्या कर्मचाऱ्यांना या अभ्यासक्रमाचं एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं गेलं. सात महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेतली तर हात पूर्वीपेक्षा चांगले चालत होते. पण लेबर रूममध्ये निरीक्षक बसवून खऱ्या बाळांच्या वेळी काय होतं याची नोंद केली तेव्हा वागणुकीत फरक दिसला नाही. बाहुलीवर येत होतं, बाळावर उतरत नव्हतं. अभ्यास करणाऱ्यांनी हा निकाल लपवला नाही, जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. ‘इतके प्रशिक्षित’ असा आकडा अहवालात टाकून पुढे जाणं सोपं होतं.

मग त्यांनी पद्धत बदलली. २०११ पासून बाहुली आणि बॅग-मास्क लेबर रूममध्येच हाताशी ठेवले. रुग्णालयातल्याच काही जणींना सराव करून घ्यायची जबाबदारी दिली. आठवड्याला तीन ते पाच मिनिटं, पाळी सुरू होताना किंवा काम नसताना, आणि महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची उजळणी. बाहेरचा तज्ज्ञ नाही, हॉल नाही, जेवणाची व्यवस्था नाही. वर्षभराची आधीची आणि नंतरची अशी प्रत्येकी पाच हजारांच्या आसपास बाळंतपणं ताडून पाहिली. जन्मानंतरच्या चोवीस तासांत दगावणारी बाळं हजारी ११.१ वरून ७.२ वर आली. याहून मला भावलेली नोंद दुसरीच आहे. बाळाची पाठ चोळण्याचं प्रमाण वाढलं आणि बॅग-मास्क लागणाऱ्या बाळांचं प्रमाण कमी झालं. पहिल्या अर्ध्या मिनिटातलं साधं काम वेळेवर झालं म्हणून पुढच्या अवघड कामाची वेळच आली नाही.

पुढे बेळगाव, नागपूर आणि केनियातलं एल्डोरेट अशा तीन ठिकाणच्या ७१ दवाखान्यांत हाच अभ्यासक्रम नेला, तेव्हा एकूण मृत्युदरात फरक पडलेला दिसला नाही. बाहुली तीच, पुस्तक तेच. त्यामुळे प्रशिक्षण झालं की जीव वाचतात असं सरळ समीकरण कोणी मांडलं की मी सावध होतो. प्रशिक्षणानंतरच्या सोमवारी त्या दवाखान्यात काय घडतं, यावर सगळं ठरतं. आणि सोमवारी तिथे हजर असते ती जवळचीच कोणीतरी. पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ नसतो.

महाराष्ट्राला हे कळायला खरं तर टांझानियाची वाट पाहावी लागली नाही. गडचिरोलीत हे आधीच घडून गेलं होतं, आणि तेही रुग्णालयात नाही, घरात.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तेव्हा बाळंतपणं घरी होत, दाईच्या हातून. बाळांच्या न्यूमोनियावर काम सुरू झालं तेव्हा अडचण अशी की न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि कित्येक दाया दहा-बाराच्या पुढे मोजू शकत नव्हत्या. यावर दोन मार्ग होते. दायांना शंभरापर्यंत आकडे शिकवायचे, किंवा जेवढे येतात तेवढ्यात काम भागवायचं. त्यांनी दुसरा धरला. लाकडी पट्टीवर मण्यांची ओळ आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. निरक्षर बाई बिनचूक निदान करू लागली. स्थानिक माणसाला शिकवणं म्हणजे काय, हे मला या मण्यांच्या पट्टीइतकं नेमकं दुसऱ्या कशात दिसलेलं नाही. आपल्या विद्येला वळण द्यायचं, समोरच्या बाईला वाकवायचं नाही.

त्यानंतर नवजात बाळांचा प्रयोग झाला. हस्तक्षेपाची ३९ गावं, तुलनेसाठी ४७ गावं. प्रत्येक गावातली पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडली, तिला आरोग्यदूत म्हटलं. तिच्या शिक्षणाचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या वर्षी तिने काही उपचार केला नाही. गरोदर बाईच्या घरी जायचं, बाळंतपणाला हजर राहायचं, बाळ तपासायचं, वजन करायचं, तापमान घ्यायचं, आणि हे सगळं तक्त्यात लिहायचं. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन तिच्या नोंदी बाळाशी ताडून पाहायचे. डोळे आणि हात तयार झाल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षापासून, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याचं काम तिच्याकडे आलं. सातवी पास बाई नवजात बाळाला सुई टोचणार, याला त्या काळी कमी विरोध झाला नाही. निकाल मात्र स्वच्छ होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरी १६.६ दगावत, ते प्रमाण २.८ वर आलं. त्या ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ झाला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

श्वास न घेणाऱ्या बाळाबाबतही तिथे तीन टप्प्यांत शिकणं झालं. १९८८ पासून दायांना तोंडाने फुंकर देऊन श्वास द्यायला शिकवलं. १९९६ पासून नळी आणि मास्क, १९९९ पासून बॅग आणि मास्क. दाई आणि आरोग्यदूत या दोघी बाळंतपणाला एकत्र असत. दाईने आईकडे बघायचं, आरोग्यदूताने बाळाकडे. म्हणजे जुनी जाणती बाई बाजूला सारली गेली नाही. गावात तिचा शब्द चालत होता, आणि नव्या बाईला घरात पाऊल ठेवायला तो शब्द लागत होता. जन्मताच बाळाला आंघोळ घालायची नाही, चिकाचं दूध पिळून टाकायचं नाही, ही गोष्ट सासूला पटवायची असेल तर बाहेरून आलेल्या पदवीपेक्षा चार घरं पलीकडच्या बाईचं तोंड जास्त कामी येतं.

जामखेडलाही तेच दिसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, त्यांत कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका झाल्या. दर आठवड्याला केंद्रावर यायचं, आठवड्यात गावात काय झालं ते सांगायचं, अडलेलं विचारायचं. वर्षं गेली तशा याच बायका नव्यांना शिकवू लागल्या, पुढे तर देशोदेशींहून येणाऱ्या डॉक्टरांनाही.

आता याचं देशभर काय झालं ते पाहू. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम स्वीकारला. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसापासून सात. त्यासाठी आशाताईंची पाठ्यपुस्तकं, सहावा आणि सातवा भाग, चार टप्प्यांत मिळून वीस दिवसांचं शिक्षण. इतक्या जणींना शिकवणार कोण? आज देशात सुमारे दहा लाख आशाताई आहेत. उतरंड रचली गेली: राष्ट्रीय प्रशिक्षक राज्याच्या प्रशिक्षकांना शिकवणार, ते जिल्ह्याच्या प्रशिक्षकांना, आणि ते आशाताईंना. ‘सर्च’ हे राष्ट्रीय प्रशिक्षक घडवण्याचं एक केंद्र होतं.

उतरंड लागतेच, दुसरा मार्ग नाही. पण कालव्याच्या पाण्यासारखं होतं. मुखाशी पाट भरून वाहतो आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओल येते. वरच्या थरावर बाहुलीवर तासभर सराव होतो. मधल्या थरावर एकच बाहुली चाळीस जणींत फिरते. शेवटच्या थरावर बाहुलीचं चित्र स्लाइडवर दाखवलं जातं. अशाच एका वर्गात मी मागच्या बाकावर बसलो होतो. वक्ते शहरातून आले होते, विद्वान होते, आणि त्यांच्या स्लाइड इंग्रजीत होत्या. साडेअकराला चहा, दीडला जेवण, चारला प्रमाणपत्रं. माझ्या शेजारच्या ताईंनी सगळं वहीत सुवाच्य उतरवून घेतलं. दिवसभरात त्यांच्या हाताला बॅग लागली नाही. बाहुली खोक्यात होती, आणि खोकं स्टोअरच्या कपाटात, कारण ती ‘डेड स्टॉक’ला चढलेली, हरवली तर भरून द्यावी लागते.

म्हणून शिकवणारीही घडवावी लागते, आणि ते वेगळं शिक्षण आहे. चांगली नर्स म्हणजे चांगली शिक्षिका, असं आपण धरून चालतो. पण चांगल्या नर्सची पहिली ऊर्मी असते ती चुकणाऱ्या हातातून बॅग काढून घेण्याची. शिकवताना हेच करायचं नसतं. हात मागे बांधून उभं राहायचं, चूक होऊ द्यायची, हवा गालाजवळून निसटू द्यायची, आणि मग विचारायचं, ‘‘छाती का नाही हलली असं वाटतं?’’ सहा जणींमागे एक शिकवणारी, दोघी-दोघींची जोडी, एक करते तेव्हा दुसरी पाहते, मग अदलाबदल. झालं की आधी जिने केलं तिने बोलायचं, काय जमलं आणि काय राहिलं ते. मग जोडीदारीणीने. शिकवणारीने सगळ्यांत शेवटी, आणि थोडकं. आपल्या शाळांत वाढलेल्या माणसाला हा क्रम फार अवघड जातो. आपल्याला चूक दिसली की ती मोठ्याने सांगायची सवय आहे.

आईच्या बाबतीतला एक धडा सांगतो. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाणं, हे मातामृत्यूंचं एक मोठं कारण. शिकवणारी लाल केलेलं पाणी मापून आणते, थोडं चादरीवर ओतते, थोडं कापडी पॅडमध्ये जिरवते, थोडं परातीत, आणि विचारते, किती असेल? वीस वर्षं काम केलेल्या सिस्टर म्हणतात, तीनशे मिली. असतं सातशे. रक्त जितकं जास्त, तितका डोळा जास्त फसतो. एकदा आपला डोळा फसतो हे स्वतः अनुभवलं की पुढे कोणी ‘नेहमीचंच जातंय’ असं सहज म्हणत नाही. मग पोटावर हात ठेवून गर्भपिशवी कडक झाली का ते पाहणं, मऊ असेल तर चोळणं, बाळ जन्मल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, हे सगळं त्या परातीपाशीच शिकवता येतं.

या धड्याचा धागाही बेळगावशी जुळतो. तिथल्या खेड्यांत १,६२० बायकांवर एक अभ्यास झाला होता. बाळंतपणं एएनएम, म्हणजे खेड्यांतल्या परिचारिका-सुईणी करत होत्या आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची परीक्षा चालली होती. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. गोळीमुळे जास्त रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण शंभरी १२ वरून ६.४ वर आलं. गेलेलं रक्त नेमकं मोजता यावं म्हणून तिथे मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली, बाळंतिणीच्या अंगाखाली सरकवायची. तशाच मापाच्या पिशवीवर आणि एका ठरीव उपचारक्रमावर आधारलेला मोठा अभ्यास पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झाला. २०२३ साली त्याचा निकाल आला: लिटरभर किंवा जास्त रक्त जाणं, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून शंभरी ६० ने कमी झालं. डोळ्याच्या अंदाजाची जागा पिशवीवरच्या रेघेने घेतली, आणि रेघ ओलांडली की काय करायचं हे प्रत्येकीला तोंडपाठ होतं.

बिहारमध्ये ‘अमानत’ कार्यक्रमात नर्सच नर्सना शिकवायला गेल्या. मार्गदर्शक नर्सची जोडी महिन्यातला एक आठवडा एका आरोग्य केंद्रावर राहायची, तिथल्या पाळीत काम करायची आणि काम करता करता शिकवायची. सरावासाठी त्यांच्याकडे एक शिवलेली विजार होती. मार्गदर्शक ती आपल्या कपड्यांवर चढवून टेबलावर झोपते, आणि विजारीतून बाहुली आणि खोटं रक्त बाहेर येतं. बाळंतीण बनलेली बाई खरी असते, ती कण्हते, पाणी मागते, ‘मला सोडून जाऊ नका’ म्हणते. प्लास्टिकच्या पुतळ्याशी कोणी बोलत नाही. इथे मात्र सिस्टर बोलतात की नाही, हात धरतात की खेकसतात, तेही तपासता येतं. लेबर रूममधली बाईशी बोलण्याची भाषा हा आपल्याकडचा फार दुखरा विषय आहे. तो स्लाइडवरून शिकवता येणार नाही.

महाराष्ट्रात या साखळीचा जमिनीवरचा दुवा म्हणजे गटप्रवर्तक. साधारण वीस आशाताईंमागे एक. ती त्याच भागातली असते, कोणत्या वाडीवर पावसात रस्ता तुटतो, कोणत्या घरात सुनेला एकटीने बोलता येत नाही, हे तिला माहीत असतं. ती आशाबरोबर घरभेटीला जाते. स्थानिक प्रशिक्षकाची गरज आहे असं आपण म्हणतो तेव्हा ती बाई आपल्यासमोर आधीच उभी असते. फक्त तिच्याकडे आपण अहवाल गोळा करणारी म्हणून पाहतो. तिची नोकरी कंत्राटी, दिवसाचा मोठा भाग आकडे भरण्यात आणि ऑनलाइन चढवण्यात जातो. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या आशाताई आणि गटप्रवर्तक संपावर होत्या त्या उगाच नव्हत्या. आणि रुग्णालयांतली गोष्ट वेगळी नाही. लेबर रूममध्ये तयार झालेल्या सिस्टरची बदली वर्षात अपघात विभागात होते, नव्या येतात, बाहुली पुन्हा कपाटात जाते. हाताची विद्या गंजते. काही महिन्यांत बॅग-मास्कची पकड सैल होऊ लागते, हे अनेक ठिकाणी मोजून झालेलं आहे. लेबर रूममध्ये सराव करून घेणारी बाई तीन वर्षं हलवायची नाही, तिच्या कामाच्या तासांत सरावाचा वेळ धरायचा आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे द्यायची. या तीन गोष्टींना नवीन इमारत लागत नाही. माझं मत विचाराल तर जिल्ह्याने पुढचं मोठं प्रशिक्षण भरवण्याआधी या तीन कराव्यात.

पूर्वी बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून सगळी धडपड होती, आणि ती फळाला आली. २००५-०६ च्या पाहणीत देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ८९ टक्के. बाळंतीण दारापर्यंत आली. म्हणजे आता दाराच्या आतल्या हातांची जबाबदारी वाढली. घरी गेल्यावर पुढचे बेचाळीस दिवस पुन्हा आशाताईंवर.

अशाच एका घरभेटीत मी सोबत होतो. बाळ तीन दिवसांचं. आशाताईंनी पिशवीतून झोळीचा वजनकाटा काढला, झोळीत बाळ ठेवलं, काटा डोळ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, ‘‘दोन किलो चारशे.’’ गटप्रवर्तक ताई शेजारी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांनी बाळंतिणीची चौकशी केली, दूध येतंय का विचारलं, आजीशी दोन शब्द बोलल्या, चहा घेतला. घराबाहेर पडून आम्ही वळणावर आलो तेव्हा म्हणाल्या, ‘‘रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणला होता का गं?’’ आशाताई थबकल्या. मग हसून मान हलवली. आजीसमोर हे विचारलं असतं तर पुढच्या भेटीला त्या घरात आशाताईंचं कोणी ऐकलं नसतं, आणि सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी याच घरी तिला जायचं होतं. आम्ही परत फिरलो, ‘‘काटा जरा पुन्हा बघते हं,’’ म्हणत आशाताईंनी बाळ पुन्हा तोललं. दोन किलो दोनशे. वाटलं त्याहूनही कमी वजनाचं बाळ होतं, भेटी वाढवाव्या लागणार होत्या, आईच्या छातीशी उघडं धरून कसं ठेवायचं ते दाखवावं लागणार होतं. पुढच्या घरी बाळाला हात लावायच्या आधी आशाताईंनी रिकामी झोळी काट्याला अडकवली, आणि स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला.